रजेवरून परत न गेल्याबाबत

प्रति,
मा. पुनर्विलोकन अधिकारी,
निवासी संस्था प्रवेश व मुक्तता कक्ष,
वाशीम.

अर्जदार : पौर्णिमा इंद्रभान सरकटे, वय ३६, रा. अनसिंग, ता. जि. वाशीम.

विषय : रजा संपल्यावर संस्थेत परत न गेल्याचा खुलासा, आणि ललिताबाई लालसिंग आडे यांना अर्जदाराच्या घरी राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. २० जानेवारी व १० फेब्रुवारी २०२५ चे अर्ज. २) आपल्या कक्षाचे दि. १९ मे २०२५ चे पत्र.

महोदय,

याआधीचे दोन्ही अर्ज अर्जदाराने 'मी' असे लिहून केले होते. आपल्या कक्षातील लिपिकांनी "यात मी म्हणजे कोण ते कळत नाही, अर्जदार असं लिहा" असे सांगितले होते. म्हणून या खेपेस अर्जदार स्वतःविषयीसुद्धा तिसऱ्या माणसाविषयी सांगावे तसे लिहीत आहे. जे घडले ते सगळे एका जागी यावे म्हणून अर्ज लांबला आहे, तो कृपया शेवटपर्यंत वाचावा.

अर्जदार जन्मापासून चालू शकत नाही. उजवा हात मुडपलेला आहे. डाव्या हाताने लिहिता येते, मोबाईल चालवता येतो. बोलणे सावकाश आहे, पण ऐकणारा थांबला तर सगळे समजते. मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालेले आहे. वडील इंद्रभान सरकटे रेल्वेत गँगमन होते. ते होते तोवर अर्जदाराला कोणाची परवानगी काढावी लागली नाही. ते सकाळी उचलून ओट्यावर बसवून कामावर जात, आणि जाणारायेणारा गावाचा बातमीदार असल्यासारखा अर्जदारापाशी दोन शब्द टाकून पुढे जाई. सन २०१५ मध्ये ते वारले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर पाचव्या दिवशी नागपूरला नोकरीत असलेला भाऊ धम्मरत्न दिव्यांग महिलांच्या या निवासी संस्थेविषयी म्हणाला, "ताई, सहा महिने तिथं काढ. तोपर्यंत मी काहीतरी पाहतो." तो खोटे बोलला असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्याच्याकडून काही पाहणे झाले नाही, एवढेच. सहा महिन्यांची साडेनऊ वर्षे झाली.

संस्थेत मारहाण होते, उपाशी ठेवतात, असेही अर्जदाराचे म्हणणे नाही. गादी मिळते, औषध मिळते, वरणात डाळ असते. साडेपाचला सगळ्या जणींना उठवतात. आंघोळ ओळीने होते. उवा होतात म्हणून केस सगळ्यांचे एकाच मापाचे कापतात. चहा साडेसहाला मिळतो. तेव्हा नको असला तरी तेव्हाच, आणि अकरा वाजता कितीही हवासा वाटला तरी नाही. साडेनऊ वर्षांत अर्जदाराने एकही कप स्वतःच्या मनाने घेतलेला नाही. फाटकाची किल्ली चौकीदाराकडे असते आणि चौकीदाराला अधीक्षकांना विचारावे लागते. एकदा अर्जदाराने अधीक्षकांना विचारले होते की फाटकाबाहेर दहा मिनिटे बसून रस्ता पाहू का. अधीक्षक चांगल्या मनाच्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, "कायले वो ताई? बाहेर काय आहे?" अर्जदाराला बाहेर काय आहे तेच पाहायचे होते.

ललिताबाई आडे या मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या, वय एकेचाळीस. घरची सगळी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. म्हातारी आई जमनाबाई होत्या तोवर त्या दोघी मागे राहत. जमनाबाई गेल्या आणि भाऊ मदनसिंग यांनी ललिताबाईंना संस्थेत आणून सोडले. त्यांच्या प्रमाणपत्रावर मतिमंदत्व लिहिलेले आहे. त्यांना घड्याळ कळत नाही, दहाच्या पुढे मोजता येत नाही. परंतु एकदा दाखवलेला रस्ता त्या विसरत नाहीत, आणि अंगात दोन बायांचे बळ आहे. सन २०१७ मध्ये एका दुपारी मदतनीस बाई सुट्टीवर होती आणि अर्जदार संडासला जाण्यासाठी तासभर हाका मारत होती. ललिताबाई आल्या. काही न विचारता त्यांनी उचलून नेले, परत आणून खाटेवर ठेवले आणि म्हणाल्या, "तू तं कापसाच्या गाठोड्यावानी हलकी आहे." त्या दिवसापासून अर्जदाराचे उठणे-बसणे त्यांच्या हातांनी होऊ लागले, आणि त्यांचे औषध, वार, वेळ, कोणाशी काय बोलायचे हे अर्जदार सांगू लागली. संस्थेने यास कधी हरकत घेतली नाही. एका मदतनिसाचे काम वाचत होते.

दि. ६ जानेवारी २०२५ रोजी फलकावर सूचना लागली की यापुढे एका संस्थेत एकाच प्रवर्गाच्या व्यक्ती राहतील, आणि बौद्धिक प्रवर्गातील अकरा महिलांना दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत हलवण्यात येईल. ललिताबाईंना वाचता येत नसल्याने अर्जदाराने ती वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "तिथं तुही खाट कोणती?" अर्जदार म्हणाली, तिथे माझी खाट नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्ध्या ताटावरून उठल्या.

तेव्हा अर्जदाराने ठरवले की दोघींनी मिळून अनसिंगच्या घरी राहायला जायचे. घर वडिलांचे आहे, दोन खोल्यांचे, आणि भावाने ते अर्जदाराला देऊन टाकले आहे. तशी त्याची सहीही आहे. शेजारी मावशी बेबीताई खिल्लारे राहतात, त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम पाचमध्ये दिव्यांग माणसाला इतरांसारखे समाजात राहण्याचा हक्क दिलेला आहे. तो अर्जदाराने मोबाईलवर वाचला आणि पहिला अर्ज केला.

या अर्जावर रहिवासी दाखला मागण्यात आला. दाखल्यासाठी बेबीताई ग्रामपंचायतीत गेल्या. तिथे त्यांना सांगण्यात आले, "ते इथं राहतच नाहीत, तं राहतात म्हणून लिहावं कसं?" संस्थेने सांगितले की दाखला आल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे अर्जदाराने अनसिंगला राहायला जाण्यासाठी आधी अनसिंगला राहत असणे जरूर होते. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने ही अडचण लिहिली. तेव्हा दाखला बाजूला ठेवून घराची तपासणी झाली. गावातले गवंडी उकंडराव यांनी दाराशी सिमेंटचा उतार करून दिला होता. तो मापात चार बोटे जास्त चढाचा आहे, असा शेरा पडला. पुढे दोघींची वेगवेगळी विचारपूस झाली. ललिताबाईंच्या नमुन्यात लिहिले गेले की त्यांना गॅस बंद करण्याची आठवण राहत नाही. अर्जदाराच्या नमुन्यात लिहिले गेले की तिचा हात गॅसपर्यंत पोचत नाही. सबब दोघीही घरी राहण्यास अपात्र. अर्जदाराने तपासणीस आलेल्या बाईंना विनंती केली की दोघींचे एकत्र लिहावे. एकीला आठवण आहे आणि दुसरीला हात आहेत. बाई म्हणाल्या, "ताई, मला समजतंय. पण एका नमुन्यात एकच नाव बसते." शेवटी असा शेराही आला की जी स्वतः अवलंबून आहे ती दुसरीची काळजीवाहक होऊ शकत नाही.

सुनावणी दि. १८ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता, आपल्या कक्षाच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. अर्जदार ललिताबाईंसह ऑटोने साडेदहाला पोचली. वर जायला जिनाच आहे. ललिताबाई म्हणाल्या, "मी उचलून नेतो हिले." शिपायाने त्यांना अडवले आणि विचारले, पडल्या तर जबाबदारी कोणाची. वर निरोप पाठवला की अर्जदार खाली बसलेली आहे. वरून निरोप आला की नंबर लागला की वर यावे. अर्जदार अडीच वाजेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी व्हीलचेअरवर बसून होती. आठ दिवसांनी आदेश मिळाला : 'पुकारा करूनही अर्जदार गैरहजर, सबब प्रकरण निकाली.' पुकारा अर्जदाराने ऐकला होता आणि 'हजर' असे उत्तरही दिले होते. अर्जदाराचे बोलणे सावकाश असल्याने ते दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले नसावे.

संस्थेच्या नियमात नातेवाइकांनी पत्र दिल्यास वर्षातून दहा दिवसांची रजा आहे. चौदा एप्रिलच्या निमित्ताने बेबीताईंनी पत्र दिले. अर्जदाराबरोबर पाठवायला मदतनीस मोकळी नव्हती. म्हणून अधीक्षकांनी रजा नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिले, 'सोबत व मदतीसाठी : ललिताबाई आडे', आणि दोघींना दि. ११ एप्रिल रोजी ऑटोत बसवून दिले. या नोंदीचे छायाचित्र अर्जाला जोडले आहे. ज्या बाई दहा दिवस मदतीला चालतात, त्या अकराव्या दिवशी का चालत नाहीत, याचा खुलासा अर्जदाराला आजतागायत मिळालेला नाही.

पहिल्या सकाळी ललिताबाई सवयीने साडेपाचला उठून खाटेपाशी उभ्या राहिल्या. अर्जदार म्हणाली, झोप, इथे कोणी उठवत नाही. त्यांनी विचारले, "मंग कवा उठाचं?" अर्जदार म्हणाली, जाग आली की. त्या म्हणाल्या, "जाग तं आलीच आहे." म्हणून दोघींनी तेव्हाच चहा केला. अकरा वाजता पुन्हा केला. ललिताबाई गॅस पेटवत, अर्जदार खाटेवरून "ललिता, गॅस" असे म्हणे, आणि त्या बंद करत. चौथ्या दिवशी एकदा दूध उतू जाऊन करपले, तेही अर्जदार लपवीत नाही. दुकानातून काय आणायचे त्याची अर्जदार कागदावर चित्रे काढून देई. कांदा, साबण, काडीपेटी. पहिल्या दिवशी बेबीताई मागून मागून गेल्या. तिसऱ्या दिवशी ललिताबाई एकट्याच गेल्या आणि बऱ्याच उशिरा आल्या. कुठे होतीस विचारल्यावर म्हणाल्या, "शेळी व्याली त्यायच्या दारात. पाहून राह्यली होती." अर्जदार ओट्यावर बसून बायांचे मोबाईलवरचे फॉर्म भरून देऊ लागली. चौदा तारखेला मिरवणूक दारावरून गेली तेव्हा ललिताबाईंनी येणाऱ्या जाणाऱ्यांना पाणी दिले, आणि कोणी विचारले तर सांगत होत्या, "आमी इथल्याच."

वीस तारखेला पाच वाजता संस्थेची गाडी येणार होती. दुपारी अर्जदाराने पिशवी भरायला सांगितली. ललिताबाईंनी ती भरली, थोडा वेळ पाहत बसल्या आणि एकेक कपडा काढून पुन्हा दोरीवर टाकला. म्हणाल्या, "मी नाही जात." अर्जदाराने त्यांना समजावून सांगितले की गेलो नाही तर रागावतील, कागद येतील, कदाचित नाव कापतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तू जातं का?" अर्जदार नाही म्हणाली. मग अर्जदाराने अधीक्षकांना फोन केला, आणि 'आम्ही दोघी स्वखुशीने अनसिंग येथे घरी राहत आहोत' असा निरोप पत्त्यासह मोबाईलवर पाठवला. गाडी आली नाही.

तरीही एकवीस तारखेला दोघी बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवण्यात आली. रजा संपूनही परत न येणाऱ्या व्यक्तीस बेपत्ता समजावे असा संस्थेचा नियम आहे. तेवीस तारखेला हवालदार बाबूसिंग आले. दोघी ओट्यावर मेथी निवडत होत्या. ते जरा ओशाळून म्हणाले, "बाई, तुमी दोघी हरवल्या आहा." अर्जदार म्हणाली, आम्ही घरी आहोत. ते म्हणाले, "ते दिसून राह्यलं मले. पण कागदावर हरवल्या आहा, तं सापडल्या असं लिहा लागते." त्यांनी ललिताबाईंनी केलेला चहा घेतला, चांगला झाला म्हणाले, आणि अर्जदाराच्याच ओट्यावर बसून 'मिळून आल्या' असे लिहिले. त्यांच्याविषयी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी अधीक्षक दोन मदतनीस बायांना घेऊन गाडीने आल्या. त्यांच्याजवळ कागद होता. त्यानुसार अर्जदार सज्ञान व समजदार असल्याने तिला तिच्या इच्छेविरुद्ध नेता येत नाही. ललिताबाईंचे पालक म्हणून मात्र संस्थेची नोंद आहे, म्हणून त्यांची इच्छा विचारात घेण्याचे कारण नाही. ललिताबाई त्या वेळी भाकरी करत होत्या. हाताला पीठ होते. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, "मी काय केलं? काहून नेता मले?" त्यांना कोणी मारले नाही. एकेक बोट सोडवले. अर्जदार खाटेवर होती आणि व्हीलचेअर हाताच्या पलीकडे होती. गाडीत बसवताना त्या मोठ्याने सांगत होत्या, "पौर्णिमा, तव्यावर भाकर आहे." गाडी गेली. अर्जदार 'गॅस' असे म्हणाली, पण घरात ऐकणारे कोणी नव्हते. भाकर जळाली, तवा लाल झाला, खोलीत धूर भरला. बेबीताई अंगणवाडीतून पाऊण तासाने आल्या तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. तोवर अर्जदार तोंडावर ओढणी धरून पडून होती. हा सगळा प्रकार अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी आपल्या कक्षाला लेखी कळवला.

आपल्या दि. १९ मेच्या पत्रात याच घटनेचा उल्लेख आहे. 'दि. २४ एप्रिल रोजी घरात गॅस चालू राहिल्याचे अर्जदारानेच कळविले असल्याने सदर घर सुरक्षित नसल्याचे सिद्ध होते', असे त्यात लिहिले आहे. पुढे असेही आहे की अर्जदारापाशी कोणी काळजीवाहक नसल्याने तिने पंधरा दिवसांत संस्थेत परत जावे, अन्यथा तिची जागा रद्द होईल. काळजीवाहक कोणी नेले याचा उल्लेख पत्रात नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला मदनसिंग आडे ऊसतोडीवरून परतले आणि एसटीने अनसिंगला आले. ते आत आले नाहीत, उतारावरच बसले. म्हणाले, "बाई, मी तिले तिथं ठेवलं, कारण माह्या घराले सहा महिने कुलूप राह्यते. तुमच्या घराले कुलूप नाही. तिले तुमच्यापाशीच राहू द्या." त्यांनी संमतिपत्रावर अंगठा दिला. ते आपल्या कक्षाने परत पाठवले, कारण भाऊ हे नोंदणीकृत पालक नाहीत. पालक बदलायचा असल्यास पालकाने, म्हणजे संस्थेने, अर्ज करावा असे कळवले आहे.

सध्याची स्थिती अशी. बेबीताई व शेजारची एक बाई मिळून सकाळी सातला अर्जदाराला व्हीलचेअरवर बसवतात आणि कामाला जातात. त्या अडीच वाजता येतात. मधल्या वेळात अर्जदार जिथे बसवली तिथेच असते. संडासला नेणारे कोणी नसल्याने ती सकाळपासून पाणी पीत नाही. मे महिना आहे, छताचे पत्रे तापतात. काल पेन खाली पडला तो दुपारपर्यंत डोळ्यासमोर पडून होता. बाया फॉर्म भरायला येतात, त्यांच्याकडे पाणी मागावेसे वाटते, पण मागत नाही. रोज मागायला लागले की बाया यायच्या कमी होतील अशी अर्जदाराला भीती आहे. घर स्वतःचे आहे, दार उघडे आहे, समोर रस्ता आहे, आणि अर्जदाराला उंबऱ्यापर्यंत जाता येत नाही. संस्थेत फाटक होते. इथे फाटक नसताना तेच झाले आहे. दोन्ही ठिकाणी अर्जदाराला बांधणारे एकच आहे, ते म्हणजे मदत कोणाची घ्यायची हे दुसऱ्याने ठरवणे.

दि. २५ मे रोजी अधीक्षकांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी परत या. मी वर शब्द टाकते, ललिताले इथंच ठेवता येते का पाहते. नाही तं पाच जूनले तिची गाडी आहे." अर्जदाराचे मन डळमळले हे ती कबूल करते. दोन दिवस झोप लागली नाही. बेबीताईंकडून पिशवी भरून घेतली. मात्र जाण्याआधी ललिताबाईंशी बोलू द्यावे अशी विनंती अर्जदाराने केली, आणि संस्थेत फोन रविवारीच देतात तरी अधीक्षकांनी काल त्यांच्या हाती फोन दिला, याबद्दल अर्जदार त्यांची आभारी आहे. अर्जदार म्हणाली, ललिता, मी येते तिकडे. मग त्या म्हणाल्या, "तू नको येऊ." अर्जदाराने विचारले, काहून? त्या म्हणाल्या, "तू इथं आली, तं मंग मी कुठं येऊ?"

अर्जदाराने बी. ए. केले, अधिनियम वाचला, तीन अर्ज लिहिले. तिला हे सुचले नव्हते.

तरी विनंती की दि. ५ जून रोजीचे ललिताबाईंचे स्थलांतर थांबवावे. दोघींचे म्हणणे एकाच नमुन्यात, एकत्र, तळमजल्यावर किंवा अर्जदाराच्या घरी ऐकून घ्यावे, आणि ते ललिताबाईंच्या स्वतःच्या तोंडून ऐकावे. त्यांचे बोलणे अर्जदारापेक्षा स्पष्ट आहे. निर्णय होईपर्यंत रजा नोंदवहीतील जुन्याच शब्दांनी त्यांना अनसिंगला पाठवावे. सकाळी सात ते अडीच या वेळेसाठी मदतनीस देण्याची तरतूद कायद्यात आहे, तिचाही विचार व्हावा.

आपल्या पत्रातील पंधरा दिवसांची मुदत ३ जूनला संपते. त्यानंतर संस्थेतील अर्जदाराची जागा खुशाल दुसरीस द्यावी. अर्जदार परत जाणार नाही. ललिताबाईंना कोणत्याही जिल्ह्यात नेले तरी त्यांना यायला एक घर असावे, म्हणून अर्जदार या घरात बसून राहील.

आपली नम्र, आणि अनसिंगची रहिवासी,

(डाव्या हाताची सही)
पौर्णिमा इंद्रभान सरकटे

अनसिंग, दि. २८ मे २०२५

सोबत :
रजा नोंदवहीतील नोंदीचे छायाचित्र.
मदनसिंग लालसिंग आडे यांचे अंगठ्याचे संमतिपत्र, परत आलेले, तसेच पुन्हा.
दि. १८ मार्चच्या सुनावणीस हजर असल्याबद्दल ऑटोचालकाचे लेखी निवेदन.